जादूगारांचा चित्रपट आणि आमचे अंगण

नाताळ होऊन दोनच दिवस झाले होते. आमच्या ओसरीवर मांडलेला गव्हाणीचा देखावा अजून तसाच होता. त्यातील दोन मेंढरे मांजराने पळविली होती आणि त्यांच्या जागी मुलांनी तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी आणून उभा केला होता. नागपुरास शिकत असलेला आमचा भाचा सुट्टीस आला, तो सोबत वहीएवढ्या आकाराचा एक प्रोजेक्टर घेऊन आला. संध्याकाळी त्याने अंगणातल्या भिंतीवर पांढरी चादर ताणली आणि गल्लीतील मुलांस वर्दी दिली की आज जादूगारांचा चित्रपट दाखविला जाईल. दिवेलागणीच्या आत पांढुर्ण्याजवळच्या आमच्या त्या लहानशा गावातील निम्मी मुले पोत्यांवर, खाटांवर आणि गोठ्याच्या कुंपणावर येऊन बसली.

चित्रपट होता हॅरी पॉटरचा, पहिलाच. जगाच्या दृष्टीने तो जुना झाला. जे. के. रोलिंग या इंग्रज लेखिकेचे पुस्तक १९९७ साली निघाले आणि त्यावरून ख्रिस कोलंबस या दिग्दर्शकाने केलेला हा चित्रपट २००१ साली पडद्यावर आला. परंतु आमच्या अंगणात जमलेल्या मुलांपैकी एकाचाही तेव्हा जन्म झालेला नव्हता. त्यांना तो कोरा करकरीत नवा होता, आणि खरे सांगावयाचे तर आम्हांसही नवाच होता. मूळ पुस्तक मराठीत ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या नावाने भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने काढले आहे, हे आम्हांस ठाऊक होते. वाचण्याचा योग मात्र आला नव्हता.

चित्रपट हिंदी बोलत होता. आमच्याकडे हे नेहमीचेच. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि पांढुर्णा व सौसर हे मराठी बोलणारे तालुके मध्य प्रदेशातच राहिले. २०२३ साली या दोन्ही तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. तेव्हापासून आजतागायत आमची मुले शाळेत हिंदी लिहितात आणि घरी मराठी भांडतात. म्हणून चादरीवर हिंदी चालू असताना म्हाताऱ्या माणसांस शेजारचे मूल वऱ्हाडीत अर्थ सांगत होते, आणि तो अर्थ पुष्कळदा मूळ संवादाहून अधिक रंगतदार होता, असे आमचे मत आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. आईबाप लहानपणीच गमावलेला एक मुलगा मावशीच्या घरी वाढतो. त्याची निजण्याची जागा म्हणजे जिन्याखालची एक कोंदट खोली. अकराव्या वाढदिवसाच्या सुमारास त्यास पत्र येते. मावशीचा नवरा ते पत्र फाडतो, तर शेकडो पत्रे चुलीच्या धुराड्यातून घरात कोसळतात. मग एक धिप्पाड, दाढीवाला, प्रेमळ गृहस्थ येऊन त्यास सांगतो की तू जादूगारांच्या कुळातला आहेस आणि तुझे नाव त्यांच्या शाळेत घातलेले आहे. मुलगा त्या शाळेत जातो, मित्र जोडतो आणि शाळेत दडवून ठेवलेल्या परिसाचे एका दुष्टापासून रक्षण करतो.

पत्रांच्या त्या पावसाच्या वेळी आमच्या अंगणात जो हर्ष झाला तो सांगता येत नाही. ज्यास कोणी विचारीत नाही, ज्यास मावसभावाचे जुने कपडे घालावे लागतात, त्याच्या नावाने पत्र येते आणि ते थांबविण्याची कोणाचीही छाती होत नाही! पोत्यावर बसलेल्या ज्या मुलाचे बापाविना चालले आहे, त्याच्या तोंडाकडे आम्ही त्या क्षणी पाहत होतो. चादरीकडे पाहण्याचे आम्हांस काही वेळ सुचले नाही.

शाळेतील पोरे झाडूवर बसून आकाशात चेंडू खेळतात, त्या सामन्यात तर मुलांनी दोन तट केले. एका तटाने स्वतःस पांढुर्णा म्हणविले, दुसऱ्याने सावरगाव. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून या दोन वस्त्यांमध्ये गोटमार होते आणि नदीच्या मध्यभागी रोवलेल्या पळसाच्या झाडावरील झेंड्यासाठी डोकी फुटतात, हे वाचकांस ठाऊक आहेच. त्या मानाने विलायती जादूगारांचा खेळ आम्हांस पुष्कळ सौम्य वाटला.

सर्वच आवडले असे नाही. चित्रपट अडीच तासांचा आहे आणि त्यातील अर्धा तास केवळ गडगडाटाचा आहे. वडीलधारी माणसे एक तर मूर्ख तरी दाखविली आहेत किंवा दुष्ट तरी. मुले नियम मोडतात, रात्री बंदी असलेल्या दालनांत हिंडतात आणि शेवटी त्यांसच बक्षीस मिळते, हे आमच्यातील निवृत्त शिक्षकांस पटले नाही. वर्षाअखेरीस शाळेतील चार घरांचे गुण मोजले जातात, तेव्हा नायकाचे घर ३१२ गुणांवर सर्वांत मागे असते. मुख्याध्यापक ऐन समारंभात आपल्या लाडक्या तिघांस १६० गुण देऊन त्या घरास बरोबरीस आणतात. हा पक्षपात नव्हे काय? परंतु त्यानंतर ते आणखी दहा गुण देतात, ते नेव्हिल नावाच्या एका गोबऱ्या, भित्र्या मुलास. शत्रूशी लढण्यास धैर्य लागतेच, पण आपल्याच मित्रांच्या आड उभे राहण्यास अधिक लागते, अशा अर्थाचे काही बोलून ते दहा गुण देतात आणि त्या दहांवरच निकाल ठरतो. या दहा गुणांकडे आम्हांस पुढे वळावयाचे आहे.

आता जादूविषयी. चित्रपट पाहताना आम्ही मनाशी एक गोष्ट तपासून पाहत होतो, ती ही की येथे कोणास आवाहन केले जाते? आमच्या मुलुखातील मांत्रिक कोणास तरी बोलावितो. भूत, पिशाच, कोणी अंगात येणारी शक्ती. तिला लिंबू, कोंबडे, शेंदूर, दारू देतो आणि मग तिच्या बळावर कोणाचे तरी बरे किंवा वाईट करतो. या चित्रपटातील मुले कोणासही बोलावीत नाहीत. ती वर्गात बसतात, पुस्तके वाचतात, परीक्षा देतात, आणि पीस हवेत उचलण्याच्या पाठात शब्दाचा उच्चार चुकला म्हणून त्यांचे पीस जागचे हलत नाही. तो शब्दही मोडक्यातोडक्या लॅटिनसारखा आहे. ज्या आमच्या वडीलधाऱ्यांनी बालपणी लॅटिन मिस्सा ऐकली होती ते असते तर खदखदून हसले असते. दुसऱ्या दिवशी गल्लीतील सर्व कोंबड्यांची पिसे मुलांनी वेचली आणि काड्या फिरवून तो शब्द घोकला. एकही पीस उडाले नाही. दुपारपर्यंत खेळ मोडला आणि मुले बोरे पाडावयास गेली.

त्यातील परीस तरी आम्हांस परका नव्हता. लोखंडाचे सोने करणारा परीस आमच्या कीर्तनांत व म्हणींत केव्हापासून आहे. चित्रपटात तो निकोलस फ्लामेल या सहाशेहून अधिक वर्षांच्या किमयागाराचा म्हणून सांगितला आहे. फ्लामेल हा खरा मनुष्य होता. पॅरिसमध्ये तो लेखनिकाचा व पोथ्यांचा धंदा करी, १४१८ साली वारला, आणि त्याने १४०७ साली बांधविलेले घर अद्याप त्या शहरात उभे आहे. तो भाविक कॅथॉलिक होता. चर्चेसना व गरिबांना त्याने बराच पैसा दिला. एवढा पैसा एका लेखनिकापाशी आला कोठून, या कुतूहलातून त्याच्या मृत्यूनंतर पुष्कळ काळाने किमयेच्या कथा निघाल्या असाव्यात. मनुष्याने दानधर्म करावा आणि लोकांनी त्यास जादूगार ठरवावे!

पुढे आरशाचा प्रसंग येतो. रात्री त्या अनाथ मुलास एका ओसाड खोलीत मोठा आरसा सापडतो. त्यात पाहणाऱ्यास आपली सर्वांत खोल इच्छा दिसते. मुलास त्यात आपले मृत आईबाप शेजारी उभे दिसतात. तो रोज रात्री जाऊन आरशापुढे बसू लागतो. शेवटी मुख्याध्यापक त्यास हळुवारपणे समजावितात की या आरशापुढे बसून माणसे झुरून गेली आहेत. उद्या तो येथून हलविला जाईल, तू त्याचा शोध घेऊ नकोस. अंगण अगदी शांत होते. आणि शेवटी, दुष्टाचा चाकर त्या मुलास धरू जातो, तेव्हा त्याचेच हात भाजून जातात. कारण त्या मुलाच्या आईने त्याच्यासाठी आपला प्राण दिला होता आणि त्या प्रीतीची खूण मुलाच्या अंगात राहिली होती. सगळ्या जादूगारांच्या चित्रपटात जादूवर मात करणारी गोष्ट ही एवढीच, आणि ती जादू नव्हे. आमच्या मनात त्या वेळी क्रूसाचा विचार आला, हे आम्ही लपवीत नाही.

चित्रपट संपला. भाचा तारा गुंडाळू लागला. इतक्यात आमची नऊ वर्षांची नात, जिने गेल्याच वर्षी पहिले ख्रिस्तशरीर स्वीकारले, सर्वांदेखत मोठ्याने विचारती झाली, “आबाजी, आपल्या गल्लीच्या टोकावरची बुडी बी याच शाळेत शिकली का जी?”

कोणी हसले नाही. मोठ्यांपैकी कोणी काही बोललेही नाही. एका बाईने आपले मूल उचलले आणि ती घराकडे चालती झाली.

गल्लीच्या टोकावर एक म्हातारी एकटी राहते. तिच्या मालकीची संत्र्याची सात-आठ झाडे आणि एक शेळी आहे. काही वर्षांपूर्वी गावात एका हंगामात दोन बैल दगावले आणि एका घरचे तान्हे मूल गेले. बाहेरगावाहून एक मांत्रिक आणला गेला. त्याने कोणाचे नाव घेतले नाही; गल्लीच्या टोकाकडे तोंड करून लिंबू कापले एवढेच. तेवढे पुरे झाले. तिला कोणी मारले नाही, गावाबाहेर काढले नाही, पोलिसांत जावे असे काहीही घडले नाही. फक्त विरजण मागावयास तिच्या दारी जाणे बंद झाले. हळदीकुंकवाचे बोलावणे बंद झाले. तिच्या दारावरून जाताना मुले मूठ आवळून अंगठा आत धरू लागली.

आणि आमच्या घरी काय झाले ते आता लिहितो. नातीच्या पहिल्या ख्रिस्तशरीराच्या दिवशी ती म्हातारी धुवट लुगडे नेसून दारी आली आणि डब्यातून चार रव्याचे लाडू देऊन गेली. आम्ही ते दोन्ही हातांनी घेतले, तिला बसावयास सांगितले, तिची वास्तपुस्त केली. दिवस मावळल्यावर ते लाडू आमच्या घरातून उकिरड्यावर गेले. नातीने विचारले, “काहून टाकले?” तिला मिळालेले उत्तर एका शब्दाचे होते. तो शब्द आम्ही उच्चारला नाही, परंतु उच्चारणाऱ्यास अडविलेही नाही. ज्या सकाळी मुलीने प्रभूचे शरीर स्वीकारले त्याच संध्याकाळी तिने आमच्याच घरात तो शब्द शिकला. इंग्रजी चित्रपटाने तिला फक्त त्या शब्दासाठी एक शाळा मिळवून दिली.

नेव्हिलचे ते दहा गुण त्या रात्री आमच्या अंगणात मिळविण्यासारखा कोणी नव्हता.

नवे वर्ष लागल्यावर सौसरच्या आमच्या नातलगांनी तोच चित्रपट आपल्याकडे दाखविण्याचा आग्रह केला. तेथे प्रकार वेगळाच झाला. अर्धा चित्रपट होताच घरातील एका वयोवृद्ध काकांनी तो बंद करावयास लावला. कॅथॉलिक कुटुंबात हे कसले जादूटोण्याचे खेळ, धर्मगुरूंना विचारले आहे काय, असा त्यांचा सवाल होता. सवाल गैर नव्हता. चित्रपट काय दाखवितो याची पारख करणे हे कुटुंबाचेही काम आहे, असे ख्रिस्तसभा पूर्वीपासून सांगत आली आहे. अकरावे पायस यांनी १९३६ साली आणि बारावे पायस यांनी १९५७ साली या विषयावर परिपत्रके काढली होती. म्हणून आम्ही काकांजवळ बसलो आणि आम्हांस जे ठाऊक होते ते सांगितले.

हॅरी पॉटरवर ख्रिस्तसभेने बंदी कधीही घातलेली नाही. रोममध्येही या बाबतीत एकमत झालेले नाही. २००३ साली फेब्रुवारीत व्हॅटिकनमधील एका वार्ताहर-बैठकीत फादर पीटर फ्लीटवुड यांनी या पुस्तकांविषयी अनुकूल मत दिले. त्याच वर्षी मार्चमध्ये कार्डिनल राट्झिंगर यांनी, जे पुढे पोप सोळावे बेनेडिक्ट झाले, गाब्रिएले कूबी या जर्मन लेखिकेस पत्र लिहून तिने दाखविलेल्या धोक्याबद्दल तिचे आभार मानले. न कळत मोहविणाऱ्या गोष्टी कोवळ्या श्रद्धेस विकृत करतात अशी त्यांची भीती होती. २००८ साली व्हॅटिकनच्या ‘ओसेर्व्हातोरे रोमानो’ या दैनिकात अनुकूल व प्रतिकूल असे दोन्ही लेख आले, आणि २००९ साली त्याच दैनिकाने मालिकेतील सहाव्या चित्रपटाची प्रशंसा केली. दोन्ही बाजूंना शहाणी, श्रद्धावान माणसे आहेत. तेव्हा काकांच्या विरोधास हसण्याचे कारण नाही.

प्रत्यक्ष जादूटोण्याविषयी मात्र ख्रिस्तसभेचे म्हणणे एकच आहे. १९९२ साली निघालेल्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात २११७ क्रमांकाच्या परिच्छेदात ते स्पष्ट आहे. गुप्त शक्ती ताब्यात घेऊन दुसऱ्यावर सत्ता चालविण्याचा कोणताही प्रकार पाप आहे, मग तो आजार बरा करण्यासाठी का असेना. आणि ताईत, गंडे वापरणे हेही निषिद्ध आहे. हे आम्ही सांगत असताना काकांचा लहानगा नातू त्यांच्या मांडीवर बसला होता. त्याच्या गळ्यात पवित्र मरियेचे पदक होते आणि त्याच दोऱ्यात, पदकाच्या मागे, काळ्या कापडात शिवलेला एक ताईत. काकांची दृष्टी आमच्या दृष्टीमागोमाग तेथे गेली. त्यांनी पोराच्या सदऱ्याची गुंडी लावली. आम्हीही विषय वाढविला नाही. पोर तापाने फणफणले असता मध्यरात्री माणूस काय करील ते सांगता येत नाही, आणि आमच्या घरातील लाडूंची हकीकत आम्हांस विसरता येण्यासारखी नव्हती.

थोड्या वेळाने काकांनी दुसरा प्रश्न टाकला, आणि तो पहिल्याहून अवघड होता. “विलायतेत चेटकिणी जाळल्या, त्या आपल्याच लोकांनी ना? मग चेटूक खोटे असते तर शहाण्या माणसांनी जाळल्या असत्या का?”

जाळल्या, हे खरे आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनीत जी लाट आली तीत बामबर्ग व वुर्झबुर्ग या कॅथॉलिक धर्माध्यक्षांच्याच राज्यांत शेकडो माणसांना जिवंतपणी किंवा मारून जाळण्यात आले. प्रॉटेस्टंट राज्येही मागे नव्हती. बळी गेलेल्यांत बहुतेक स्त्रिया. वुर्झबुर्गला तर लहान मुले आणि धर्मगुरूही होते. तो काळ आठवून मान खाली घालावी लागते. परंतु त्याच काळात आणि त्याच देशात एक येशूसंघीय फादर होऊन गेले, त्यांची कथा आम्ही काकांस सांगितली. आपल्या कुटुंबांत ती फारशी कोणास ठाऊक नाही, म्हणून येथेही सांगतो.

फ्रीडरिश श्पे हे त्यांचे नाव. जन्म १५९१ साली, ऱ्हाईन नदीकाठच्या कायझर्सवेर्थ गावी. १६१० साली ते येशूसंघात दाखल झाले. तरुणपणी त्यांनी रोमला विनंती केली होती की मला हिंदुस्थानात मिशनकार्यासाठी पाठवावे. ती मान्य झाली नाही. ते येथे आले असते तर कदाचित आपल्याच कोणा पूर्वजांस बाप्तिस्मा देते. परंतु देवाने त्यांचे काम जर्मनीतील तुरुंगांत ठेवले होते. चेटूक केल्याचा आरोप असलेल्या, मरणाची शिक्षा झालेल्या स्त्रियांचे पापनिवेदन ऐकण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला. ज्या गोष्टी त्या बायांनी छळाच्या खोलीत कबूल केल्या होत्या त्या त्यांनी देवासमोर नाकारल्या. ऐकणाऱ्यास काय करावयाचे होते? जे पापनिवेदनात ऐकले ते बाहेर बोलता येत नाही. ते गप्प राहू शकले असते.

१६३१ साली रिंटेलन या गावी एक लॅटिन पुस्तक छापून निघाले. ‘काउत्सिओ क्रिमिनालिस’, म्हणजे फौजदारी खटल्यांत बाळगावयाची सावधगिरी. त्यावर लेखकाचे नाव नव्हते, परंतु ते श्पे यांचे आहे हे लवकरच सर्वांस कळले आणि त्यांच्यावर वरिष्ठांचा रोष ओढवला. त्यांचा युक्तिवाद वकिली होता आणि खेड्यातील माणसासही समजेल इतका सरळ होता. बाई घाबरली तर म्हणतात मनात पाप आहे. न घाबरली तर म्हणतात सैतानाने धीर दिला. वाईट चालीची असेल तर चेटकीण असणारच. चांगल्या चालीची असेल तर चेटकिणी असाच साळसूदपणा करतात. छळात कबूल केले तर गुन्हा सिद्ध; कबूल केले नाही तर एवढा छळ सोसणारी बाई चेटकीणच असली पाहिजे. मग ती सुटणार कशी? आणि छळ चुकविण्यासाठी तिने दुसऱ्या चौघींची नावे घेतली की त्या चौघींची तीच वाट. न्यायाधीशांस, धर्मगुरूंस व खुद्द धर्माध्यक्षांस याच छळाखाली घातले तर तेही आपण जादूगार असल्याचे कबूल करतील, असे त्यांनी बजावले.

असे सांगतात की तरुण वयातच त्यांचे केस पांढरे झाले होते. कोणी कारण विचारले तेव्हा ते म्हणाले की ज्या स्त्रियांस मी चितेपर्यंत पोहोचविले त्यांच्या दुःखाने. त्यांतील एकही मला दोषी आढळली नाही. हा प्रश्न विचारणारा तरुण योहान फिलिप फोन श्योनबोर्न पुढे माइन्झचा आर्चबिशप व राज्यकर्ता झाला आणि आपल्या राज्यात त्याने हे खटले बंद केले. फादर श्पे १६३५ साली ट्रिअर शहरात प्लेगने आजारी पडलेल्या सैनिकांची शुश्रूषा करता करता त्याच रोगाने वारले. तेव्हा ते अवघे ४४ वर्षांचे होते. त्यांनी रचलेली स्तोत्रे जर्मन चर्चेसमध्ये आजही गायिली जातात.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “लावा तो सिनेमा. कुठपर्यंत आला होता?”

परतीच्या वाटेवर संत्र्याच्या बागांमधून गाडी येत होती आणि आमच्या मनात श्पे यांच्या युक्तिवादातील एकेक वाक्य आमच्या गल्लीस लागू पडत होते. म्हातारी बोलली तर म्हणत, जिभेवर काळे आहे. गप्प राहिली तर म्हणत, मनात काही पुटपुटते. लाडू आणले तर त्यांत काही घातले असेल. न आणले असते तर आमच्या आनंदात तिचा जीव जळतो म्हटले असते. आमच्या गावापासून काही कोसांवर महाराष्ट्राची हद्द लागते. तेथे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात झालेल्या हत्येनंतर, त्याच वर्षी, जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो त्या राज्याचा कायदा. हद्दीपाशी तो थांबतो, मांत्रिक थांबत नाही. तथापि हद्दीपलीकडेही दही विरजणास मागण्यास कोणता कायदा भाग पाडणार? लाडू खाण्यास कोणता?

तीन राजांच्या सणाच्या दिवशी, मिस्सा झाल्यावर, आम्ही नातीस आणि तिच्या हाती करंज्यांचे ताट दिले आणि गल्लीच्या टोकाकडे निघालो. ज्यांना आपण तीन राजे म्हणतो ते शुभवर्तमानातील मागी, आणि इंग्रजीत जादूस जो शब्द आहे तो या मागी लोकांच्याच नावावरून आलेला आहे, हे वाटेत नातीस सांगितले. “म्हंजे थे जादूगर होते?” तिने विचारले. ताऱ्यांचा अभ्यास करणारे ते परदेशी विद्वान होते, पण आमच्या गल्लीत राहिले असते तर लोकांनी त्यांस काय म्हटले असते कोणास ठाऊक, असे आम्ही उत्तर दिले. तिला ते कितपत समजले हे सांगता येत नाही. म्हातारीच्या दारापाशी येताच तिची मूठ सवयीने आवळली गेली. पण ताट दोन्ही हातांनी धरावे लागत असल्याने अंगठा आत घेता येईना.

म्हातारी अंगणात शेळीस पाला टाकीत होती. आम्हांस पाहून ती उठली आणि प्रथम घाबरली. काही अनिष्ट घडले आहे आणि त्याचा जाब विचारावयास आम्ही आलो आहोत, असे तिला वाटले असावे. मग तिने ताट पाहिले. खाट झटकून तिने आम्हांस बसविले, झाडाची चार संत्री तोडून आणली आणि सोलता सोलता नातीस विचारले की त्या रात्री तुमच्या अंगणातून एवढा गलका कशाचा ऐकू येत होता.

नातीने तिला चित्रपट सांगितला. पत्रे सांगितली, झाडूवरचा खेळ सांगितला, आरसा सांगितला. आरशापाशी म्हातारीचे हात थांबले.

“माही माय दिसन का वं त्याच्यात?”

“दिसन,” नात म्हणाली. “पण मंग हेडमास्तरनं थो आरसा दुसरीकडं नेला.”

म्हातारीने संत्र्याची एक फोड तिच्या हातावर ठेवली. नातीने एकदा आमच्याकडे पाहिले. आम्ही आपल्या हातातली फोड तोंडात टाकली, आणि मग तिनेही टाकली.